दार-एस-सलामला आम्ही तिघी



सणासुदीला कुणाच्या घरी जमलो की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, "काय गं, तुम्ही तिघी त्या आफ्रिकेला कशाला गेला होता?" आम्ही गेलो २०१९ च्या फेब्रुवारीत. त्याला आता कितीतरी वर्षे झाली, पण लोक विसरत नाहीत. अलिबागला जाऊन आलो असतो, नौगावचे जुने कबरस्तान बघून आलो असतो, तर कुणी काही विचारले नसते. तेव्हा एकदाचे लिहूनच टाकावे असे ठरवले. मुलांनाही कळावे म्हणून सोपे लिहितो आहोत. बाळांनो, एखादा शब्द अडला तर आजीला विचारा, तिलाही बरं वाटेल.

आम्ही म्हणजे तिघी निवृत्त नर्सेस. एक लोदची, एक रमल्याची आणि एक अशदोदची. तिघींची शाळा मुंबईत झाली, नर्सिंगचे ट्रेनिंगही मुंबईतच. १९६८ साली के. ई. एम. हॉस्पिटलात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले, तेव्हा आम्ही शिकाऊ होतो. पेशंट फार काळ जगला नाही, पण मुंबईभर तीच चर्चा होती. आमच्या एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाल्या, "सर्जनचं नाव छापलं ते बरोबर. पण ऑपरेशननंतर पेशंटच्या उशाशी कोण उभी होती, तिचं नाव कुठाय?" हे वाक्य आमच्या डोक्यात राहून गेले. पुढे १९७१ ते १९७३ च्या दरम्यान आम्ही एकेक करून आलिया केली, उल्पानात हिब्रू गिरवली आणि इथल्या हॉस्पिटलांत कामाला लागलो.

दार-एस-सलामची गोष्ट मात्र सुरू होते आपल्या होलोनमधून.

होलोनच्या वुल्फसन हॉस्पिटलात लहान मुलांच्या हृदयावर उपचार करणारी एक संस्था आहे, "सेव्ह अ चाइल्ड्स हार्ट". हिब्रूत "हत्सेल लिबो शेल येलेद" म्हणतात. अमेरिकेत जन्मलेले डॉ. अमी कोहेन १९९२ साली इस्रायलला आले आणि १९९५ साली त्यांनी ती सुरू केली. ज्या देशांत मुलांच्या हृदयाची ऑपरेशने होत नाहीत तिथून मुले होलोनला आणायची, बरी करायची आणि घरी पोचवायची. आजवर ७० हून जास्त देशांतल्या ७००० हून जास्त मुलांना तिने मदत केली आहे. त्यांत आफ्रिकेतली मुले आहेत, तशीच गाझा आणि वेस्ट बँकमधलीही पुष्कळ. २०१८ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या पुरस्कार या संस्थेला मिळाला. डॉ. कोहेन मात्र तो बघायला नव्हते. २००१ साली टांझानियात किलिमांजारो डोंगर चढताना त्यांना मृत्यू आला.

आता बाळांनो, थोडे शास्त्र. आपली मूठ वळा बघू. तुमचे हृदय साधारण तेवढेच असते. त्यात चार खोल्या असतात, वर दोन, खाली दोन. उजव्या बाजूच्या खोल्या वापरलेले रक्त फुप्फुसाकडे पाठवतात आणि डाव्या बाजूच्या खोल्या स्वच्छ होऊन आलेले रक्त अंगभर पाठवतात. मधे भिंत असते. काही बाळांच्या त्या भिंतीला जन्मतःच भोक असते, काहींची वाट अरुंद असते, काहींच्या नळ्याच उलट्या जोडलेल्या असतात. जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात असा काहीतरी दोष असतो. देश गरीब असो की श्रीमंत, प्रमाण जवळजवळ तेच. फरक पुढचा. श्रीमंत देशात बाळाचे ऑपरेशन होते. गरीब देशात बाळाचे ओठ निळे पडतात, दूध पिताना दम लागतो, वजन वाढत नाही, आणि आई ते बघत बसते.

संस्थेचे मुलांसाठी एक घर आहे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मुले तिथे राहतात. निवृत्त झाल्यावर आम्ही तिघी आठवड्यातून एकदा तिथे मदतीला जायला लागलो. मुलांना भरवणे, गोष्टी सांगणे, कपड्यांच्या घड्या, पडेल ते काम. तिथेच ती आम्हाला भेटली.

तिचे नाव लिहीत नाही, तिने नको म्हटले आहे. ती टांझानियाची नर्स. हृदयाच्या ऑपरेशननंतर मुलांना अतिदक्षता विभागात कसे सांभाळायचे ते शिकायला काही महिन्यांसाठी होलोनला आली होती. मुलांना विमानाने आणून बरे करणे चांगलेच आहे, पण एका विमानातून किती मुले येणार? म्हणून या संस्थेने सुरुवातीपासून दुसरे कामही हाती घेतले. त्या त्या देशातले सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्सेस इथे आणून शिकवायचे, आणि इथली टीम तिकडे नेऊन त्यांच्या बरोबरीने काम करायचे. टांझानियाचे डॉ. गॉडविन गॉडफ्रे असेच वुल्फसनमध्ये काही वर्षे शिकून मुलांच्या हृदयाचे सर्जन झाले आणि मायदेशी परतले.

पण सर्जन एकटा काय करणार? ऑपरेशन चार-पाच तासांत संपते. त्यानंतरचे दोन-तीन दिवस नर्सचे. चार किलोचे बाळ, त्याच्या तोंडात श्वासाची नळी, छातीतून रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, मानेत आणि हातात सुया. दर तासाला किती रक्त नळीतून आले ते मोजायचे, लघवी किती झाली ते मोजायचे. बाळाच्या दर किलोमागे तासाला निदान एक मिलिलिटर हवी. औषध वजनाप्रमाणे पातळ करायचे. एक शून्य चुकले तर बाळ गेले, म्हणून दोघी नर्सेसनी मोठ्याने वाचून ताडून बघायचे. हात धुवायचे, पुन्हा धुवायचे. हे पुस्तकातून शिकता येत नाही. जिला येते तिच्या शेजारी उभे राहून, तिच्यासारखे करत करत ते अंगवळणी पडते.

ती मुलगी हुशार होती. इंग्रजी उत्तम. पण वॉर्डात सगळे बोलणे हिब्रूतून, धावपळीत कोण भाषांतर करणार? पहिले काही आठवडे ती गप्प गप्प असायची. शुक्रवारी आम्ही तिला जेवायला बोलवायला लागलो. पहिल्याच शब्बातला नारळाच्या दुधातली मच्छीची कढी आणि भात वाढला. एक घास खाल्ला आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, "हे तर माझ्या आईचं आहे." त्यांच्याकडेही भात, मच्छी सगळे नारळाच्या दुधात करतात. तेव्हापासून आम्ही तिच्या "बिबी" झालो. स्वाहिलीत बिबी म्हणजे आजी.

एका शब्बातला ती म्हणाली, "बिबी, मला दिसतं सगळं, पण बोलायला जीभ उचलत नाही. मोठ्या डॉक्टरांना मी काय सांगणार? आणि चुकलं तर?"

तेव्हा आम्ही तिला एक गोष्ट सांगितली. ती आम्ही आमच्या मुलाबाळांनाही कधी सांगितली नव्हती. आज इथे लिहितो.

आलिया करून फार दिवस झाले नव्हते. एका हॉस्पिटलात, कुठल्या ते सोडा, रात्रपाळी होती. हृदयाच्या ऑपरेशनचा एक मुलगा होता, सात वर्षांचा. संध्याकाळपासून छातीच्या नळीतून रक्त येत होते, आणि मध्यरात्री एकदम थांबले. रक्त थांबले म्हणजे बरेच झाले असे कुणालाही वाटेल. पण त्याच्या पायाला हात लावला तर पाय गार. नाडी जलद. लघवी कमी. ट्रेनिंगमध्ये शिकवलेले होते की नळीत गुठळी अडकली तर रक्त बाहेर न येता आत साठते. बाळांनो, हृदय एका पिशवीत असते. त्या पिशवीत रक्त साठले की हृदयाला फुगायला जागा उरत नाही, आणि न फुगलेले हृदय काय ढकलणार? हे सगळे डोक्यात होते, पण मराठीत आणि इंग्रजीत. हिब्रूत त्याला काय म्हणतात ते आठवेना. डॉक्टर आले. त्यांना म्हटले, "नळी थांबली." ते म्हणाले, "छान." आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. त्यांना पुन्हा हाक मारली नाही. नवी माणसं आम्ही, रंग वेगळा, भाषा तोकडी, वाटले आपलेच चुकत असेल. पहाटे तो मुलगा गेला.

आम्हाला कुणीच दोष दिला नाही. विचारलेसुद्धा नाही. आमच्या तिघींपैकी कोणाच्या पाळीत हे झाले ते आम्ही सांगत नाही. त्या रात्री तिथे कोणीही असती तरी तेवढेच बोलली असती आणि गप्प बसली असती. म्हणून ती गोष्ट आम्ही तिघींची म्हणूनच धरतो.

गोष्ट ऐकून ती पोरगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पर्समधून वही काढली आणि विचारले, "हिब्रूत 'पाय गार आहेत' कसं म्हणतात?" आम्ही सांगितले, "रगलाइम कारोत." तिने लिहून घेतले. "मराठीत?" आम्हाला हसू आले, पण तेही सांगितले. ते हिब्रूच्या खाली लिहिले. त्याच्याखाली स्वाहिलीत लिहिले, "मिगू बारीदी."

पुढच्या आठवड्यांत तिची जीभ सुटली. वॉर्डातल्या बायका आम्हाला सांगायच्या की आता ती डॉक्टरला हाताला धरून खाटेपर्यंत आणते.

तिची जायची वेळ आली तेव्हा आम्ही मलिदा केला. आपल्याकडे लांबच्या प्रवासाआधी एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन करतात तसा. पोहे, नारळ, साखर, वेलची, जायफळ, आणि फळे. तेव्हा बोलता बोलता आमच्यातल्या एकीने सहज विचारले, "इथे राहावंसं नाही वाटत? पगार बरा मिळेल." तिने पोह्यांचा घास तसाच हातात धरला आणि विचारले, "बिबी, तुम्ही का परत गेला नाहीत?"

आता याचे उत्तर द्यायला आम्हाला काय अडचण होती? हा आपला देश आहे, आम्ही आपल्या घरी आलो. ते खरेच आहे. पण मुंबईच्या ज्या वॉर्डातून आम्ही निघालो तिथे रात्री चाळीस पेशंटना एक नर्स असायची, आणि आम्ही निघाल्यावर तिथे कोण उभे राहिले ते आम्ही कधी विचारले नव्हते. आम्ही एकमेकींकडे बघितले. कोणी बोलले नाही. मग तीच म्हणाली, "माझी तिथे वाट बघताहेत. शिकून ये आणि आम्हाला शिकव, असं सांगून पाठवलंय." जाताना म्हणाली, "या एकदा. मला काय येतं ते तुम्हीच येऊन बघा."

म्हणून आम्ही गेलो. समजले ना आता, कशाला गेलो ते?

अदिस अबाबाला विमान बदलून आम्ही दार-एस-सलामला उतरलो. विमानाच्या दारातून बाहेर पडताच अंगाला जी दमट हवा लागली, ती मे महिन्यातल्या मुंबईची. समुद्राचा वास, घाम, आंब्याची झाडे. शहराच्या नावाचा अर्थ शांततेचे घर. सलाम म्हणजे आपले शालोमच. आणि भाषा तर काय सांगावी! रस्त्यावर पाट्या वाचताना आम्ही पोरींसारख्या हसत होतो. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, साबुनी म्हणजे साबण, रांगी म्हणजे रंग, दावा म्हणजे दवा. चहाला चाय, चपातीला चपाती. आपण हिशेब म्हणतो, ते हेसाबू म्हणतात आणि इथले लोक हेशबोन. अरब आणि हिंदी व्यापारी शेकडो वर्षे गलबतांतून ये-जा करत होते, त्यांच्याबरोबर शब्दही गेले. मुलांसाठी एक गंमत: स्वाहिलीत सबा म्हणजे सात. आमच्या नातवाला ते सांगितले तर तो म्हणतो, "मग माझ्याकडे सात सबा आहेत का?" त्याला हिब्रूतला सबा, म्हणजे आजोबाच, आठवले.

त्यांची वेळ मोजायची पद्धतही वेगळी. सूर्य उगवल्यापासून तास मोजतात. आपल्या सकाळच्या सात वाजता त्यांचा एक वाजतो. "उद्या दोनला या" असे तिने सांगितले तेव्हा आम्ही दुपारी निवांत जाणार होतो. बरे झाले पुन्हा विचारले, ती सकाळचे आठ म्हणत होती!

मुहिंबिली हे तिथले मोठे सरकारी हॉस्पिटल. त्याच्याच आवारात जकाया किक्वेते हृदयरोग संस्था आहे. माजी राष्ट्राध्यक्षांचे नाव तिला दिले आहे. इमारत उभी करायला चीनने मदत केली, आणि २०१५ पासून ती स्वतंत्र संस्था म्हणून चालते. त्याआधी टांझानियाचे सरकार हृदयाचे पुष्कळ पेशंट परदेशी पाठवायचे. कुठे? जास्त करून भारतात! हे ऐकून आम्हाला बरे वाटले. पण परदेशी पाठवणे महाग, सगळ्यांचा नंबर लागत नाही, आणि लहान बाळाला तेवढी सवडही नसते. म्हणून त्यांनी आपल्याच घरी शिकायचे ठरवले. वेगवेगळ्या देशांच्या टीम तिथे येऊन जातात. इस्रायलची येते, ऑस्ट्रेलियाची येते, आणखीही येतात. एक टीम आठवडाभर राहते, रोज ऑपरेशने होतात. पाहुणा सर्जन आणि तिथला सर्जन समोरासमोर उभे, पाहुणी नर्स आणि तिथली नर्स एकाच खाटेच्या दोन बाजूंना. टीम परत गेली तरी खाटेवरची मुले तिथेच असतात, त्यांना सांभाळायला तिथल्याच नर्सेस. म्हणून नर्स तयार झाली नसेल तर ऑपरेशन करूच नये, असे आम्ही म्हणू.

आम्हाला परवानगी काढून थोडा वेळ आत नेले. हात धुतले, गाऊन चढवले. पन्नास वर्षांपूर्वीचा तोच वास, तोच मशीनचा आवाज. ती आमच्याकडे बघून हसली, पण जवळ आली नाही, ती कामात होती. ऑपरेशन थिएटरमधून नुकतीच एक मुलगी आणली होती. बाळ खाटेवर येताच सगळे एकदम गप्प झाले. भूलतज्ज्ञ एकटा बोलला: ऑपरेशन काय झाले, कोणते औषध किती चालू, कशाकडे लक्ष ठेवायचे. मग तिने ते सगळे परत म्हणून दाखवले, आणि त्यानंतरच बाळ तिच्या ताब्यात आले. आमच्या वेळी हे गडबडीत व्हायचे, चार जण चार गोष्टी बोलायचे.

आणि मग तिने पहिली गोष्ट काय केली सांगू? एवढी मशीने, आकडे, दिवे. तिने पांघरूण वर केले आणि बाळाची दोन्ही पावले हातात धरली. क्षणभर तशीच उभी राहिली. तिच्या मागे दोन शिकाऊ पोरी होत्या, त्यांनीही एकेक करून पाय धरून बघितला. मग तिने मशीनकडे मान वळवली.

आम्हाला तिथे जास्त वेळ उभे राहवले नाही. बाहेर येऊन बाकावर बसलो.

संध्याकाळी तिने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. ऑपरेशन सुरू करण्याआधी सगळ्यांनी थांबून मोठ्याने विचारायची एक यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढली. पेशंट तोच का, ऑपरेशन तेच का, औषध दिले का, सामान मोजले का. ती आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरून बघितली. त्यांत एक दिल्ली होते, आणि एक टांझानियातले इफाकारा नावाचे छोटे गाव. २००९ साली आकडे छापून आले. यादी वापरल्यावर ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शंभरात दीडवरून एकाच्याही खाली आले होते. मशीन नवे नव्हते, औषध नवे नव्हते. सगळ्यांनी थांबायचे आणि नर्सलाही तोंड उघडायचा हक्क द्यायचा, एवढेच. ती म्हणाली, "बघा बिबी, यादी जगाला दिली, पण ती करून बघणाऱ्यांत आम्हीही होतो. आम्ही नुसते शिकणारे नाही."

आम्ही विचारले, "तू कधी बोललीस का तसं? रात्री?"

तिने मान हलवली. एका रात्री एका मुलाची नळी थांबली होती. पाय गार. डॉक्टर दुसऱ्या खाटेवर अडकले होते. तिने तिथूनच मोठ्याने हाक मारली, "आत्ता या." मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा हाक मारता मारता तिने स्वतःच फोन उचलून सर्जनला घरून बोलावले. छाती उघडून गुठळी काढली. मुलगा दोन आठवड्यांनी चालत घरी गेला. "तुमचा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे होता," ती म्हणाली. "तो सात वर्षांचा."

त्यावर आम्ही काय बोलणार?

दोन दिवसांनी तिला सुट्टी होती. ती आम्हाला बोटीने झांझिबारला घेऊन गेली, साधारण दोन तासांचा प्रवास. तिचे माहेर तिथले. किनारा जवळ आला तशा माडांच्या रांगा दिसायला लागल्या आणि आमच्यातली एक म्हणाली, "हे तर रेवदंडा!" गावाच्या अरुंद गल्ल्या, कोरीव लाकडी दरवाजे, अंगणात चटईवर वाळत घातलेल्या लवंगा. वेलची आणि जायफळही तिथेच पिकते. मलिद्याचे अर्धे सामान एका बेटावर! तिथल्या सरकारी हॉस्पिटलचे नाव म्नाझी म्मोजा. त्याचा अर्थ "एक माड". या हॉस्पिटलात होलोनचे डॉक्टर येऊन मुलांची तपासणी करतात, आणि झांझिबारची पुष्कळ मुले इथूनच होलोनला आली आहेत. बाहेरच्या कट्ट्यावर एका बाईने तिला ओळखले. आपल्या मुलाला पुढे केले, शर्ट वर करून छातीवरची उभी रेघ दाखवली. मुलगा लाजला आणि पळाला. एवढ्या जोरात पळाला की आईलाच हसू आले.

आईवडिलांनो, इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. हृदयाचे सगळेच आजार जन्मतः नसतात. घसा दुखतो, ताप येतो, आपण म्हणतो होईल बरे. पण काही घशांत एका जातीचे जंतू असतात, औषध पुरे घेतले नाही तर नंतर संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. आपल्या लहानपणी मुंबईच्या चाळींत हे सर्रास होते. आफ्रिकेत आणि भारतात अजूनही आहे. अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते देते कोण? नर्स. तेव्हा डॉक्टरने घशासाठी दहा दिवसांची गोळी दिली तर दहा दिवस घ्या. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडू नका.

तिच्या घरी तिच्या आईने भात केला, नारळाच्या दुधातला, आणि मच्छी. आम्ही रमल्याच्या दुकानातून पोहे घेऊन गेलो होतो. तिथल्याच नारळाचा, तिथल्याच वेलचीचा मलिदा केला. तिची आई मुसलमान बाई, डोक्यावरून ओढणी घेऊन शांत बसली होती. एलियाहू हन्नाबीचे नाव आम्ही घेतले तेव्हा म्हणाली, "इल्यास? आमच्यातही आहेत." आणि हात पुढे केला.

जेवताना आम्ही तिला विचारले की तू किती जणींना शिकवलेस? तिने बोटांवर मोजले. पहिल्या तिघी. त्यांतली एक आखातात गेली, पगार चौपट. दोघी आहेत. आम्हाला वाटले ती चिडून बोलेल. ती म्हणाली, "गेली ती तिच्या घरासाठी गेली. तिच्या जागी दुसरी शिकतेय. ती गेली तर तिसरी." मग आमच्याकडे बघून हळूच म्हणाली, "जी गेली तीही तिथे कुणाच्या तरी उशाशी उभी असेलच की." तिने हे कुणासाठी म्हटले ते आम्हाला कळले. परत येताना बोटीत आम्ही तिघी बराच वेळ समुद्राकडे बघत बसलो होतो.

निघताना त्या दोन शिकाऊ पोरी बंदरावर आल्या होत्या. तिकडे लहानांनी मोठ्यांना "शिकामू" म्हणायची रीत आहे. मूळ अर्थ, तुमचे पाय धरते. मोठ्यांनी "मराहबा" म्हणायचे. पोरींनी शिकामू म्हटले, आणि आम्ही तिघींनी मराहबा म्हटले. आपल्याकडे पाया पडतात तसेच की हे! पण आम्हाला दिसत होती ती अतिदक्षता विभागातली पांघरुणाखालची पावले.

त्यानंतर कोरोना आला. दोन वर्षे कोणी कुठे जाऊ शकले नाही. २०२२ साली वुल्फसनच्या आवारात मुलांचे नवे हॉस्पिटल उघडले. मग युद्ध आले. आमचे गुडघेही आता प्रवासाचे राहिले नाहीत. पण तिचा फोन येतो. गेल्या खेपेला फोनवर एक नवा आवाज आला, कोवळा. इंग्रजीत म्हणाली, "बिबी, मी नवीन आहे. सिस्टरने मला वहीतलं एक वाक्य पाठ करायला सांगितलंय, बरोबर म्हणते का बघा." आणि तिने आमच्या मराठीत, जरा अडखळत, म्हटले, "पाय गार."

आम्ही म्हटले, "बरोबर आहे, बेटा. आणि डॉक्टर आला नाही तर?"

ती म्हणाली, "तर परत हाक मारायची."

वाचकहो, आमची एवढीच गोष्ट. तुमच्या घरातली कोणी नात नर्सिंगला जाते म्हणाली तर तिला अडवू नका. आणि शक्य झाले तर होलोनला मुलांच्या घरी जाऊन या. काही येत नसेल तर नुसत्या कपड्यांच्या घड्या घाला, तेही काम असते.

सर्वांना शालोम.